ढवळबेटावर जेवणाची व मुक्कामाची उत्तम सोय

डोंगर चढून आलेल्या माणसाला भूक लागते, या एकाच सिद्धांतावर वीरण्णांनी ढवळबेटावर खानावळ काढायचं ठरवलं. सिद्धांतात काही खोट नव्हती. खोट डोंगरात होती.

बेट म्हणजे आमच्या लातूरकडे डोंगर. पाण्याने वेढलेलं वगैरे काही मनात आणू नका. पाण्याने वेढलेलं असं आमच्याकडे फारसं काही नसतंच. चाकूरकडून उदगीरच्या वाटेला लागलं की सपाट रानात मध्येच एक टेंगूळ दिसतं, तेच ढवळबेट. सह्याद्रीतल्या माणसाने त्याला गतिरोधक म्हटलं असतं. पण पायथ्याच्या बेटवाडीत त्याचा मोठा दरारा. तिथे एखाद्याबद्दल "बेटावर जाऊन बसला" असं म्हटलं की त्याचं डोकं फिरलं असं समजायचं.

वीरण्णांनी जन्मभर लातुरात कापडाचं दुकान चालवलं. मुलगा शिवप्रसाद हाताशी आला, दुकानाला काचेचं दार आलं, थंडगार हवा आली, आणि तिच्या मागोमाग "अप्पा, तुम्ही आता आराम करा" हे वाक्य आलं. ज्याने हे वाक्य ऐकलं आहे त्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. वीरण्णा नीलाबाईंना घेऊन बेटवाडीच्या घरी राहायला आले. थोडं शेत होतं, एक म्हैस होती, आणि बेटाचा माथाही सातबाऱ्यावर त्यांच्याच नावाने होता. तो खडक पणजोबांनी कशासाठी घेऊन ठेवला, हे घराण्यातलं एक न सुटलेलं कोडं.

दिवाळीला शिवप्रसादची मुलगी सृष्टी आली. ती पुण्यात नोकरीला, आणि आठवडाभर खुर्चीत बसून जे साचतं ते रविवारी गड चढून उतरवणारी. चकली मोडता मोडता ती म्हणाली, "अज्जा, तिकडे गडांवर मावश्या पिठलं-भाकरी करून देतात. लोक त्यांच्याच घरी राहतात. वेडे होतात अक्षरशः भाकरीसाठी."

भाकरी शब्द ऐकला आणि वीरण्णांची नजर आढ्याला लागली. पुढे काय येणार हे घरात सगळ्यांना कळलं. माहूरची गोष्ट येणार होती.

गोष्ट अशी. वीरण्णा नांदेडला कॉलेजात असताना हॉस्टेलातल्या ग्यानोबाबरोबर माहूरच्या डोंगरात भटकायला गेले. थंडीचे दिवस. सागाच्या जंगलात वाट चुकली. दिवस मावळायला एक झोपडी दिसली. म्हातारीने दार उघडलं, काही विचारलं नाही, दोघांना चुलीपुढे बसवलं आणि तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकली. वर लसणाचा ठेचा. झोपायला घोंगडी. सकाळी गुळाचा काळा चहा. "तशी भाकरी," वीरण्णा शेवटी सावकाश म्हणायचे, "पुन्हा म्हणून मिळाली न्हाई." या वाक्यापाशी नीलाबाई नेहमी उठून स्वयंपाकघरात जायच्या.

"मग तुम्हीच काढा ना अज्जा तसं काहीतरी," सृष्टी सहज म्हणाली. "मी आमचा ग्रुप घेऊन येते."

तरुण माणसं अशी वाक्यं चॉकलेटच्या कागदासारखी टाकून पुढे जातात. वीरण्णांनी ते उचललं, सरळ केलं आणि खिशात ठेवलं. नीलाबाईंना विचारायचं तेवढं राहून गेलं. लग्न झाल्यापासून पुष्कळ गोष्टी अशाच राहून गेल्या होत्या.

पहिली पायरी ग्रामसेवक.

"कशाची परवानगी म्हणलात?"

"डोंगर चढून येणाऱ्या लोकांच्या जेवणाची आन् मुक्कामाची."

"कोण येणार?"

"लोक."

"कशाला?"

हा प्रश्न तसा फार खोल होता, आणि वीरण्णांनी त्याची तयारी केली नव्हती. शेवटी ग्रामसेवकालाच दया आली. "कृषी पर्यटनात बसवू. वर पेरा काय हाय?"

"खडक हाय."

"इथं पोटखराबा दिसतो. कायतरी लावा की अण्णा. पर्यटन आपण बघू, कृषी तुमी दाखवा."

वीरण्णांनी खडकाच्या चिरांमध्ये तुरीचे दाणे कोंबले. पुढच्या खेपेला ग्रामसेवकाने पार्किंग मागितलं.

"लोक चालत येणार."

"बरुबर हाय. पन पार्किंगशिवाय कागद पुढं सरकत न्हाई. चालत येणाऱ्यांचं पार्किंग दाखवा."

वीरण्णांनी माथ्यावर चार दगड मांडून चुन्याने चौकोन आखला. त्या चौकोनात काय उभं करायचं हे दोघांपैकी कुणीच काढलं नाही. मोठी कामं अशाच समंजसपणावर होतात.

मग वीरण्णांनी ग्यानोबाला बोलावून घेतलं. ग्यानोबा बिलोलीकडचा शेतकरी, एक एसटी नांदेडपर्यंत आणि दुसरी पुढे, अशी करत तो आला, आणि पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाला, "काय करून राहिला लेका इरण्णा तू या वयात?"

वीरण्णांनी त्याला माथ्यावर नेलं आणि जागा दाखवली. "इथं चूल. इथं बाजा. माहूरच्या म्हातारीसारखं दार उघडायचं, आन् काही विचारायचं न्हाई."

"कोणती म्हातारी?"

"आपली! झोपडीतली!"

"म्हातारी कुठली रे? म्हातारा होता तो. मिशावाला. आन् भाकरी न्हाई, खिचडी दिली आपल्याला. थंडगार. मला अजून आठवून राहिलं ना, माझं पोट बिघडलं होतं."

वीरण्णांना हे फार लागलं. माणसाचं एवढं जुनं दैवत असं भर उन्हात कुणी मिशा लावून उभं करू नये. दोन दिवस ते ग्यानोबाशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी दोघांचं एवढ्यावर जुळलं की घोंगडी होती, आणि चहा गुळाचा होता. तेवढ्या भांडवलावर काम सुरू झालं.

बेटवाडीने सल्ल्याची कमतरता पडू दिली नाही. शेजारचा बजरंग आपल्या शेळ्या घेऊन वर यायचा आणि काठीवर हनुवटी टेकवून बघत राहायचा.

"अण्णा, कोंबडी ठेवणार का?"

वीरण्णांचा हात आपसूक गळ्यातल्या लिंगाकडे गेला. "न्हाई."

"अंडी?"

"न्हाई."

"मग त्यांनी वर येऊन करायचं काय?"

झोपडी कडब्याने शाकारली. वीरण्णांना ती झोपडी म्हणजे हुबेहूब माहूर वाटली. एका रविवारी ते लिंगायत मठात कार्यक्रमाला चाकूरला गेले आणि परतून बघतात तो झोपडीचे वासे तेवढे उभे. बजरंगच्या शेळ्या सावलीला रवंथ करत बसल्या होत्या.

"अण्णा," बजरंग मनापासून म्हणाला, "छप्पर लई गोड बांधलं होतं तुमी."

दुसरं छप्पर पत्र्याचं झालं. पत्र्यावर दगड ठेवले, दगडांवर आणखी दगड. आणि राखणीसाठी वीरण्णा रात्री वरच झोपू लागले. नीलाबाईंचे गुडघे दुखायचे, त्या वर यायच्या नाहीत. सकाळ-संध्याकाळ डबा मात्र पाठवायच्या. वीरण्णा तो खात खात ग्यानोबाला माहूरच्या ठेच्याचं वर्णन सांगायचे.

आता मूळ खोटीचा प्रश्न होता. बेट चढून यायला इतका कमी वेळ लागे की सकाळचा नाश्ता करून निघालेल्या माणसाच्या तोंडात वर पोचल्यावरही त्या नाश्त्याची चव शिल्लक राही.

"डोंगर तर वाढवता येत न्हाई," ग्यानोबा म्हणाला, "वाट वाढवू."

दोघांनी मिळून बेटाला वळसे घेत जाणारी नवी वाट आखली. फावड्याने चढ मोडून काढले, वळणावर दगड रचले, चुन्याचे बाण मारले. वाट एवढी ऐसपैस झाली की चालणारा तेच बाभळीचं झाड पुन्हा पुन्हा बघे आणि प्रत्येक वेळी थोडा अधिक दमलेला असे. पायथ्याशी पाटी लागली: ढवळबेटावर जेवणाची व मुक्कामाची उत्तम सोय. 'उत्तम' ग्यानोबाने घालायला लावलं.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते आनंदराज गुरुजी. आमच्याकडे सरकारला शेळ्यांपासून मतदारांपर्यंत काहीही मोजायचं असलं की मास्तरांना पाठवतात. गुरुजी घरं मोजत होते. पाटी दिसली, म्हणजे वर घर आहे. बाण दिसले, म्हणजे वाट हीच. सरळ माणूस. सगळे वळसे प्रामाणिकपणे घालून ते माथ्यावर आले तेव्हा त्यांच्या तोंडून "पाणी" एवढंच निघालं.

वीरण्णांचे डोळे भरून आले. त्यांनी गुरुजींना काही विचारलं नाही. पाय धुवायला पाणी दिलं, बाजेवर बसवलं, आणि नीलाबाईंचा डबा त्यांच्यापुढे उघडला. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगांची चटणी.

"भाकरी लई फक्कड हाय, अण्णा," गुरुजी म्हणाले.

"आवडली ना!" वीरण्णा लाजले. जणू स्वतः थापली होती.

"इथंच ऱ्हाता?"

"हाव," वीरण्णा अभिमानाने म्हणाले, "आता इथंच."

गुरुजी खाली उतरले आणि वीरण्णांच्या घरी गेले. नीलाबाई डबा परत यायची वाट बघत होत्या. गुरुजींनी विचारलं, घरात कोण कोण?

"मी आन् म्हैस."

"आन् अण्णा?"

"ते वर ऱ्हातात. त्यांचं बिऱ्हाड येगळं हाय."

बाई तडकून बोलल्या होत्या. पण गुरुजी हे मोजणीवर होते, स्वर मोजायचा नव्हता. त्यांनी ते हॉटेलात चहा पिताना हळहळत सांगितलं. चहा संपायच्या आत बातमी चाकूरला पोचली आणि दुसऱ्या दिवशी दुकानाचं काचेचं दार ढकलून लातुरात शिरली.

शिवप्रसादचा फोन आला. "अप्पा, या वयात?"

"याच वयात सवड मिळाली रे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक खुश हायत. काल एक गुरुजी येऊन गेले."

"आईनं तुमचं काय वाईट केलं, अप्पा?"

"आईचा यात काय संबंध?"

"तेच तर!" शिवप्रसाद रडवेला झाला. "तेच तर म्हणतोय मी!"

शनिवारी समेट घडवायला मंडळी आली. शिवप्रसाद, नीलाबाईंचा धाकटा भाऊ गुरुबसप्पा, आणि त्याने उदगीरहून सोबत आणलेले दोन वयस्क पाहुणे. गुरुबसप्पा भुसार आडतीवर बसून नातेवाइकांची भांडणं मिटवणारा माणूस. आवाज भारदस्त, बैठक पक्की. सगळे पाटी बघून बाणांच्या वाटेने निघाले. वर पोचले तेव्हा बोलणी करायचं त्राण कुणातच नव्हतं. वीरण्णांनी सगळ्यांना डब्यातलं वाटून खाऊ घातलं. वयस्क पाहुणे दोन बाजा पकडून घोरू लागले. तिसरी बाज शिवप्रसादने घेतली. खानावळ उघडल्यापासून एवढी गर्दी कधी झाली नव्हती.

ऊन उतरल्यावर गुरुबसप्पाने घसा साफ केला. "दाजी, झालं गेलं सोडा. खाली चला."

"अरे, पन आमचं भांडण कुठं हाय?"

"भांडण न्हाई म्हणणाऱ्यांचीच भांडणं लई जुनी असतात, दाजी."

वीरण्णा यावर रागवायच्या बेतात होते, तेवढ्यात शेळ्यांच्या आडवाटेने हसण्याचे आवाज वर आले. सृष्टी आणि तिचा ग्रुप. दिवाळीतला शब्द पोरीने खरा केला होता, तारीखही आधी कळवली होती, आणि या समेटाच्या घोळात वीरण्णा ती साफ विसरले होते. पोरं-पोरी बूट घालून, हातात काठ्या, पाठीला भरलेल्या पिशव्या. आणि एकाचाही श्वास वाढलेला नाही.

"अज्जा!" सृष्टीने मिठीच मारली. मग चौफेर बघून आनंदाने विचारलं, "आता डोंगर कुठेय?"

वीरण्णांच्या आयुष्यात अपमानाचे प्रसंग आले नव्हते असं नाही. बस्त्याचं गिऱ्हाईक सगळे गठ्ठे सोडायला लावून उठून गेलेलं त्यांनी पचवलं होतं. पण हे गेलं ते थेट काळजात. ते चुन्याच्या चौकोनात जाऊन उभे राहिले. त्या पार्किंगचा उपयोग झाला तो एवढाच.

त्यातून सावरायलाही वेळ नव्हता. एवढी माणसं, आणि डबा रिकामा. वर पिठाचा डबा आणि ठेच्याची बरणी होती, ती शोभेला. त्यांनी ग्यानोबाला खाली पिटाळलं: "नीलाला म्हणावं, तेवढ्या भाकऱ्या थापून दे. सृष्टी आलीय."

ग्यानोबा बराच वेळ आला नाही. आला तेव्हा रिकाम्या हाताने, आणि त्याच्यामागे काठी टेकत नीलाबाई. चढ मोडलेली ती लांबलचक वाट त्यांच्या गुडघ्यांना बेताची पडली होती. वळणावळणाला रचलेल्या दगडांवर बसत, दम खात त्या आल्या होत्या.

सगळे उभे राहिले. सृष्टीने धावत जाऊन हात धरला. गुरुबसप्पा म्हणाला, "अक्का, तू बस. मी बोलतो दाजींशी."

"तू गप ऱ्हा," नीलाबाई म्हणाल्या. त्या बाजेवर बसल्या, काठी आडवी ठेवली, आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "मी भांडायला न्हाई आले. डोंगर चढून आले. जेवायला वाढा."

वीरण्णा कसंनुसं हसले. "अगं, तूच तर—"

"त्या म्हातारीनं तुमाला एक रात जेवू घातलं. तिचं नाव तरी इचारलं का?"

म्हातारा की म्हातारी यावरून दोन दिवस घालवणाऱ्या दोघांनीही ते विचारलं नव्हतं.

"मी लग्न होऊन आले तवापासून थापून राहिले. आन् तशी भाकरी पुन्हा मिळाली न्हाई, हे तुमी सुनेपुढं सांगता, व्याह्यांपुढं सांगता, दुकानातल्या गड्यांना जेवायला बसवून सांगता. मी दर टायमाला उठून आत जायचे. काय काम असायचं मला आत?"

पुण्याच्या पोरांनी काही न समजताच मान खाली घातली. शिवप्रसाद आईकडे बघत राहिला. ते उठून जाणं त्याने जन्मभर पाहिलं होतं. वीरण्णांना फक्त एवढं आठवलं की माहूरची चव म्हणून जी ते सांगत, ती गेली कित्येक वर्षं त्यांच्या जिभेवर नव्हतीच. जिभेवर होती ती घरची.

ते चुलीपाशी गेले. काठवटीत पीठ घेतलं.

कापड मोजणारे हात. पिठाला त्यांची ओळख नव्हती. पाणी जास्त झालं, मग पीठ जास्त झालं, मग पुन्हा पाणी. उंडा थापायला घेतला तर त्याला एकीकडून फाटा फुटला. उचलताना भाकरी मोडली. तव्यावर टाकताना बोटं भाजली. सृष्टी मदतीला सरकली तशी नीलाबाईंनी तिला हाताने थांबवलं. "ऱ्हाऊ दे. सोय उत्तम हाय म्हनं इथली."

शेवटी एक भाकरी झाली. तिला गोल म्हणायला जीव धजावला नसता, पण ती एकसंध होती. वीरण्णांनी ती ताटात ठेवली, शेजारी ठेचा, आणि ताट दोन्ही हातांनी नीलाबाईंपुढे धरलं.

त्यांनी तुकडा मोडला. चावला. सगळी मंडळी त्यांच्या जबड्याकडे बघत होती.

"काठ कच्चे हायत," त्या म्हणाल्या. आणि पूर्ण खाल्ली. मग ताट पुढे केलं. "दुसरी टाका."

गुरुबसप्पाने एक दीर्घ सुस्कारा सोडून, आपण समेट घडवून आणला असं उदगीरच्या पाहुण्यांना तिथल्या तिथे जाहीर केलं. उरलेल्या भाकऱ्या सृष्टी, ग्यानोबा आणि पुण्याची पोरं यांनी मिळून केल्या. कुणाची कुणासारखी झाली नाही. ठेचा मात्र सगळ्यांना पुरला. पोरांनी आपले तंबू लावले, म्हातारी मंडळी पत्र्याखाली झोपली, आणि सृष्टीच्या एका मैत्रिणीने सगळ्यांत चांगली बाज नीलाबाईंना दिली.

सकाळी वीरण्णा उठले तर ती बाज रिकामी. नीलाबाई माथ्याच्या पूर्वेच्या कडेला दगडावर बसल्या होत्या, डोक्यावर पदर, हात मांडीवर. खाली तुरीची रानं होती आणि त्यांच्यापलीकडे, पार लांब, कोवळ्या उन्हात पाणी लखलखत होतं. पाण्याच्या कडेला देवळाचं पांढरं शिखर.

"ते महादेवाचं शिखर," नीलाबाई मागे न बघता म्हणाल्या. "आमचं तळं. हे इथनं दिसतं व्हय?"

वीरण्णा थबकले. देवणीकडचं नीलाबाईंचं माहेर. पंचमीला नीलाबाई बेटवाडीहून बैलगाडीने पहाटे निघायच्या ते दिवस कलताना पोचायच्या. वीरण्णांचा तो धंद्याचा मोसम, ते कधी सोबत गेले नाहीत.

"तुमाला ठावं होतं?"

"रोज बघतोय," वीरण्णा खरं तेच बोलले. "कुठलं हाय ते मनात आलं न्हाई."

नीलाबाईंनी मान हलवली. मग हात लांब करून त्या दाखवू लागल्या. शिखराच्या डावीकडे घर होतं. आता कुलूप आहे. तळ्याच्या काठाला चिंच, तिच्याखाली पोरी पंचमीचे झोके बांधायच्या. गुरुबसप्पा दात घासत घासत जवळ आला, थोडा वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, चिंच काठाला नव्हती, देवळामागं होती. "तू लहान होतास," बहीण म्हणाली. "लहान होतो म्हणूनच आठवतंय, अक्का, मी पडलो होतो तिच्यावरून." आणि तो भारदस्त माणूस तिच्या पायाशी खडकावर बसला, तोंडात ब्रश तसाच. मग त्या झोक्यावरून, मग आईच्या पितळी घागरीवरून, मग देवळातल्या पुजाऱ्याच्या तिरळ्या डोळ्यावरून दोघांची जी जुंपली ती थांबेना.

वीरण्णा उभे राहून ऐकत होते. यातली एकही गोष्ट त्यांनी कधी ऐकली नव्हती.

ऊन वर आलं. पुण्याची पोरं तंबू गुंडाळून निघाली. उदगीरचे पाहुणे बूट चढवून बसले. शिवप्रसादने किल्ल्या वाजवल्या. "आई, चल. गाडी खाली लावलीय. अप्पा, तुम्हीपण."

नीलाबाईंनी तळ्यावरून नजर काढली नाही.

"तुमी व्हा म्होरं," त्या म्हणाल्या. "म्हशीला पाणी दाखव म्हणावं बजरंगच्या बायकोला. मी उद्या येते."

वीरण्णांनी आतली बाज बाहेर ओढून आणली, पुन्हा उचलून थोडी फिरवली, तळ्याकडे तोंड करून ठेवली, आणि चूल पेटवायला गेले.